सहावी 'ब'चं पाणी

धडा होता 'आपला परिसर'.
पुस्तकात एक विहीर, एक टपालपेटी, एक हसरा दुकानदार.
जुनी इंदूरच्या आमच्या गल्लीत यातला फक्त दुकानदार आहे,
आणि तो हसत नाही.

म्हणून पुस्तक मिटलं.
टेबलावर स्टीलचा पेला ठेवला, काठोकाठ,
आणि विचारलं, हे आलं कुठून?

"नळातून!" चौतीस मुलं, एक उत्तर.
नळात कुठून?
"टाकीतून!"
टाकीत?
"टँकरमधून," इबाद म्हणाला,
त्यांच्याकडे तसंच येतं.

मग फळ्यावर घाट काढला.
खाली नर्मदा, वर आपण,
मध्ये जलूदचे पंप, रात्रंदिवस
नदीला वर आणणारे,
झोपलेलं मूल खांद्यावर टाकून जिना चढावा तसे.
म्हटलं, ही खरं तर भरूचकडे निघाली होती,
पश्चिमेच्या समुद्राला भेटायला.
आपण तिला वाटेत हाक मारली.

ओजस टेमल्याने लगेच वहीत लिहिलं:
*नर्मदेला हाक मारली. (२ गुण)*

आणि हे जातं कुठे?
पेला मी व्हरांड्यातल्या मोरीत ओतला.
खडूने मोरी, मोरीतून नाला, नाल्यातून कान्ह नदी.
माझी तयारी इथवरच होती,
म्हणून जरा मोठ्या आवाजात सांगितलं,
पुढे उज्जैनला, घाटाच्या अलीकडे, ती क्षिप्रेला मिळते.

"नाही मिळत."
शेवटच्या बाकावरून नंदिता करोसिया.
हात वर न करता उभी राहिलेली.
वर्षभरातलं तिचं बहुतेक तिसरं वाक्य.
"मोठा पाइप टाकलाय, मॅडम. बाहेरून नेतात.
आपल्या पाण्याला घाटावर येऊ नाही देत."

तुला गं कसं माहीत?

"पापा गेले होते पाइप टाकायला. आठ महिने."

पंखा तेवढा बोलत होता.
पुढच्या बाकावरच्या दोघी मागे वळून
तिच्याकडे नव्याने बघत होत्या,
किंवा नेहमीसारख्याच, मला खात्री नाही.

मग पुढे काय होतं, मी विचारलं.
बारा वर्षांत वर्गात विचारलेला पहिला प्रश्न
ज्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"पुढे मिळतंच ना," ती म्हणाली.
"नदीच आहे. किती वेळ बाहेर ठेवणार?"

खडू तिच्या हातात दिला.
क्षिप्रा संपली तिथे फळाही संपला,
म्हणून चंबळ भिंतीवर गेली.
कुणी नकाशा उलगडला, कुणी बोट ठेवून ओरडलं, यमुना!
यमुना खिडकीखालून,
प्रयाग स्विचबोर्डापाशी,
गंगा कपाटाच्या मागून, तिथे हात पुरेना.
बंगालचा उपसागर दाराबाहेर निघाला,
चपलांच्या रांगेत.

इबाद बराच वेळ गप्प, मग एकदम,
"मॅडम, म्हणजे पितो एका समुद्राचं
आणि सोडतो दुसऱ्यात?"

'सोडतो' वर वर्ग फुटला.
मीही हसले, मग सांगितलं,
हे परीक्षेत येणार नाही,
तेव्हा नीट लक्षात ठेवा.

मधल्या सुट्टीत नळावर नवा खेळ.
डबे विसळता विसळता ओजस पाण्याला बजावत होता,
"जा, तिकडच्यांना सांग, इंदूरचे पोहे होते,
शेव संपली होती."
कुणीतरी मोरीत थुंकलं,
आणि इबाद त्याच्या अंगावर धावून गेला,
"अबे, तिकडे लोक राहतात!"

नंदिता शेवटी आली.
बोटांचा खडू धूत राहिली बराच वेळ.
पांढरं पाणी उतारावरून
हळूहळू गेलं.

फळा मी पुसायला सांगितला नाही.
दुसऱ्या दिवशी गणिताचे सर विचारत होते,
ही रेघ दाराबाहेर कुणी नेली?